पानओवा, कोथिंबीर आणि अंगणातला कुत्रा: नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

खान्देशात ज्या घराला चार हात अंगण आहे, तिथे पानओवा बहुधा असतोच. तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात नाहीतर फुटक्या माठात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला. जाड, लव असलेली, कातरलेल्या कडांची पानं. हात लागला की ओव्याचा वास सुटतो. पावसाळ्यात त्याची भजी होतात, लेकराला खोकला झाला की पान गरम करून रस काढतात. अशा घरात नवं पिल्लू आलं की ते आधी याच डब्यात तोंड घालतं, कारण डबा जमिनीवर असतो आणि पान चावायला मऊ.

चालतं का? आधी सरळ उत्तर. पानओवा कुत्र्याला देऊ नका. एखादं पान चघळलं तर बहुतेक वेळा काही होत नाही, फार तर एक उलटी होते. मूठभर पाला पोटात गेला तर उलट्या, जुलाब, सुस्ती, खाण्यावरची वासना जाणं, आणि कधी उलटीत किंवा शीमध्ये रक्त, असा त्रास होऊ शकतो. कोथिंबीर चालते. तुळशीची दोन-चार पानं चालतात. पुदिना अगदी थोडा. कांद्याची पात, लसणाची पात आणि लसूण मात्र अजिबात नको, शिजवूनही नको.

माझं मत असं की नवीन माणूस पानओव्याची जेवढी धास्ती घेतो, त्याच्या निम्मी जरी त्याच वाफ्यातल्या लसणाची घेतली तर कुत्र्याचं भलं होईल. पानओव्याचा त्रास दिसतो, कळतो आणि बहुधा उतरतो. लसूण-कांद्याचा त्रास चार दिवस दिसतच नाही.

आता कामाला लागू.

पहिलं काम: खाली बसा

उभ्याने अंगण पाहू नका. ओट्यावरून उतरून कुत्र्याच्या उंचीला बसा आणि तिथून काय काय तोंडात येतं ते बघा. आपल्याला गुलाब आणि जास्वंद दिसते. कुत्र्याला कुंडीच्या तळाशी सांडलेलं खत, ओल्या आळ्यातली पात, तुळशीपुढे पडलेला कापराचा तुकडा आणि पायरीखाली उगवलेला एरंड दिसतो. प्रत्येक झाडाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि नाव माहीत नसेल तर रोपवाटिकेत विचारून घ्या. पुढे कधी डॉक्टरांना फोन करायची वेळ आली, तर “काहीतरी हिरवं खाल्लं” यापेक्षा तो फोटो शंभरपट उपयोगी पडतो.

याच फेरीत काही झाडं अशी सापडतील की ज्यांच्यावर चर्चा करायची नाही, कुत्र्यापासून लांबच ठेवायची: कण्हेर (पांढरी, लाल, पिवळी, कुठलीही), धोतरा, रुई, गुंज, एरंडाच्या बिया, सदाफुली, टणटणी आणि शोभेचा सायकस. कण्हेरीचं विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं, सायकसच्या बिया यकृत निकामी करतात. मनीप्लँट आणि अळूचं कच्चं पान चावलं तर तोंड-जीभ चरचरते, लाळ गळते. जीवावर सहसा बेतत नाही. कुंपणाला कण्हेर लावायची आपल्याकडे रीत आहे, कारण तिला ढोरं तोंड लावत नाहीत आणि पाणीही फार लागत नाही. मोठा कुत्राही सहसा तिच्या वाटेला जात नाही. पिल्लाचा भरवसा नाही. चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यात दुधाचे दात पडून नवे येतात, तेव्हा ते चपलेपासून फांदीपर्यंत सगळं चावतं. तेवढ्या काळापुरती तरी कण्हेरीच्या पुढे जाळी लावा आणि छाटलेल्या काड्या तिथेच पडू देऊ नका.

दुसरं काम: ओवा कोणता ते नक्की करा

घरात “ओवा” म्हणून दोन वेगळ्या वस्तू असतात. एक डब्यातला बारीक दाणा, जो भज्यांच्या पिठात आणि पोटदुखीला जातो. दुसरा हा पानओवा, ज्याचं शास्त्रीय कुळ तुळस-पुदिन्याचं आहे आणि रंगीत पानांचा कोलियस त्याचा जवळचा नातेवाईक. वास सारखा येतो कारण दोन्हींत थायमॉल, कार्व्हाक्रॉल यांसारखी उडणारी तेलं कमी-अधिक असतात. पानओव्याची कुत्र्याला अडचण होते ती याच तेलांमुळे. ती पोटाच्या अस्तराला झोंबतात.

अमेरिकेत १८६६ साली स्थापन झालेली एएसपीसीए ही प्राण्यांसाठी काम करणारी जुनी संस्था पाळीव जनावरांना बाधणाऱ्या वनस्पतींची यादी ठेवते. पानओवा तिथे ‘इंडियन बोराज’ या नावाने कुत्रा, मांजर आणि घोडा या तिघांनाही विषारी म्हणून नोंदलेला आहे. कोथिंबीर आणि बेसिल म्हणजे आपल्या तुळशीची परदेशी बहीण, ही दोन्ही त्याच यादीत निर्धोक म्हणून आहेत. “विषारी” शब्द वाचून झाड उपटून टाकायची गरज नाही. त्या यादीत एका पानाने पोट बिघडवणारं झाड आणि एका बीने जीव घेणारं झाड, दोन्ही “विषारी” याच सदरात बसतात. पानओवा पहिल्या प्रकारातला.

त्याची सोय साधी आहे. डबा उचला आणि कठड्यावर, खिडकीच्या गजाला किंवा तुळईला टांगा. पानओवा लोंबता छान वाढतो, उलट जमिनीवरच्यापेक्षा टांगलेल्याला गोगलगायीही कमी लागतात. एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही: हा ठिसूळ असतो. फांदी मोडून खाली पडली की ओल्या मातीत चार-आठ दिवसांत मुळं धरते आणि पुन्हा कुत्र्याच्या तोंडाशी नवं झाड. छाटणी केली की खालची जागा झाडून घ्या. भज्यांसाठी पानं तोडताना गळालेले देठही वेचा.

पानओव्याची भजी कुत्र्याला द्यावीत का, असं हमखास विचारतात. नको. पान आहे, तेल आहे, मीठ आहे, तिखट आहे.

गवती चहाचंही इथेच सांगून टाकतो. कुत्री गवत खातात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हरळी चघळणारा धडधाकट कुत्रा सगळ्यांनी पाहिलेला असतो. गवती चहा त्याला गवतच वाटतो. एक-दोन पाती चावली तर बिघडत नाही, पण जास्त खाल्ली तर पोट बिघडतं आणि पातीच्या कडा धारदार असल्याने हिरडी, जीभ कापते. त्याला हरळीचा एक तुकडा मोकळा ठेवा, गवती चहाला विटांचं आळं करा. कोरफडीच्या सालीलगत जो पिवळा चीक असतो त्याने जुलाब होतात, म्हणून कोरफडही वर. चेहऱ्याला लावून उरलेली साल कुत्र्यापुढे टाकू नका.

तिसरं काम: जे चालतं ते नीट द्या

कोथिंबीर. दहा किलोच्या कुत्र्याला चहाचा एक चमचा बारीक चिरलेली, आठवड्यातून दोन-तीनदा, साध्या भातात किंवा भाकरीच्या चुऱ्यात. याने त्याच्या तब्येतीत चमत्कार होणार नाही. तोंडाचा वास जातो असंही म्हणतात, पण कुत्र्याच्या तोंडाला घाण वास येत असेल तर दात बघा, कोथिंबिरीने दाताचं किटण निघत नाही. आवडत असेल तर द्या, एवढंच तिचं काम.

पहिल्यांदा देताना दोन पानं द्या आणि त्या दिवशी दुसरं काही नवीन देऊ नका. दुसऱ्या दिवशी शी नेहमीसारखी आहे, अंग खाजवत नाही, तर पुढे जा. एकाच दिवशी कोथिंबीर, दही आणि नवी बिस्किटं सुरू केली आणि रात्री जुलाब झाले, तर दोष कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

बाजारातली जुडी असेल तर धुण्यात कसूर नको. मुळं आणि खालचे मातीचे देठ कापा, जुडी सोडा, पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हलवा, पाणी ओता, असं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. हिरव्या चटणीतली कोथिंबीर वेगळी गोष्ट. तिथे लसूण, मिरची, मीठ आहे. चटणीचं भांडं चाटायला देणं म्हणजे लसूण चाटायला देणं.

तुळशीचं पान चालतं, पण वृंदावनाजवळ कुत्र्याला मोकळं सोडताना कापूर पाहा. कापूर पोटात गेला तर उलट्या आणि झटके येऊ शकतात, आणि पांढरी वडी पिल्लाला खेळणं वाटते. आरती झाली की उरलेला कापूर डबीत. पुदिन्याची एक-दोन पानं ताकासोबत पोटात गेली तर चालतं. वाफाभर खाल्ला तर उलटी-जुलाब. कढीपत्त्याचं पान भाजीतून गेलं म्हणून कोणी घाबरत असेल तर सांगा, अडचण त्या पानाची नाही, त्याच फोडणीतल्या कांदा-लसणाची आहे.

चौथं काम, आणि सगळ्यांत मोठं: भरीत, रस्सा आणि ठेचा

हिवाळा लागला की जळगाव जिल्ह्यात भरिताच्या पंगती सुरू होतात. पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजायची, सोलायची, ठेचायची; मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात. इथल्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते योग्यच आहे. मळ्यात पंगत बसली की बांधावर कुत्री येऊन बसतात, पत्रावळीतलं उरलेलं भरीत-पुरी त्यांच्यापुढे जातं, आणि कोणी अडवलं तर हमखास आवाज येतो, “खाऊ दे ना त्याले, काही व्हत नही!”

होतं, पण त्या दिवशी दिसत नाही. कांदा, पात, लसूण, लसणाची पात या सगळ्यांत गंधकाची जी संयुगं असतात ती कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात. पेशी फुटू लागतात आणि एक ते पाच दिवसांत रक्त उतरतं, म्हणजे अंगातलं रक्त कमी होतं. कुत्रा सुस्त होतो, जिना चढताना धापा टाकतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस-तपकिरी होते. तोवर पंगत विसरलेली असते. शिजवून, भाजून, वाळवून, पूड करून हा दोष जात नाही. कांदा-लसूण मसाला तर वाळवून आटवलेलाच असतो, म्हणजे चमचाभर मसाल्यात कितीतरी कांदा.

किती खाल्लं तर धोका? दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की कुत्र्याच्या रक्तात लक्षणीय बदल दिसतात. दहा किलोच्या गावठी कुत्र्याला दीडशे ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा एखाद-दीड कांदा. तीन किलोच्या पिल्लाला अर्ध्या कांद्याच्या आसपासच पुरे. लसूण कांद्यापेक्षा कडक, त्यामुळे तो आणखी कमी लागतो. एकदम खाल्लं पाहिजे असंही नाही. रोज थोडं थोडं गेलं तरी साचत जातं. आणि रोज थोडं थोडं हीच आपली पद्धत आहे. शेवभाजीच्या रश्श्यात भिजवलेला भाकरीचा तुकडा, डाळीची खरवड, ठेच्याचा हात पुसलेली भाकर. शेव कुत्र्याला सोसेल, पण रश्श्याचं वाटण भाजलेल्या कांद्याचं आणि लसणाचं असतं.

यावर उपाय म्हणून वेगळा स्वयंपाक करा असं मी म्हणणार नाही, कोणी करत नाही. क्रम बदला. वांगं सोलून झालं, अजून पात पडायची आहे, तेव्हाच दोन चमचे गर बाजूला काढा, देठ आणि जळकी साल टाकून. भाकरी कोरडी द्या, कळण्याची असो की बाजरीची. वर दूध सोसत असेल तर दूध, नाहीतर नुसतं पाणी. वरण फोडणी देण्याआधी वाटीभर काढून ठेवा. पंगतीत असाल तर पत्रावळी उचलून खड्ड्यात किंवा झाकणाच्या ड्रममध्ये. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणखी एक भर: आमरसाच्या कोयी. कोय विषारी नाही, पण लहान-मध्यम कुत्र्याने गिळली तर आतड्यात अडकते आणि मग ऑपरेशन.

पाचवं काम: झाडपाला औषध म्हणून देणं थांबवा

गोचीड जाण्यासाठी लसूण, जंतासाठी लसूण, खोकल्याला पानओव्याचा रस, पोटाला अमृतधारा. चारही सल्ले तुम्हाला पहिल्या महिन्यात मिळतील, आणि मोठ्या मायेने मिळतील.

लसणाने गोचीड जात नाहीत. उलट आपल्याकडच्या उष्ण हवेत गोचिडांमुळे होणारा ताप (डॉक्टर एर्लिकिया, बबेसिया अशी नावं घेतात) कुत्र्यांत भरपूर दिसतो, आणि त्यातही रक्तच उतरतं. म्हणजे आधीच गोचिडतापाने रक्त कमी झालेल्या कुत्र्याला आपण तांबड्या पेशी फोडणारा लसूण खाऊ घालतो. शिवाय डॉक्टरांचाही घोटाळा होतो: पांढऱ्या हिरड्या पाहून ते साहजिकच गोचिडतापाच्या मागे लागतात. म्हणून लसूण दिला असेल तर तो लाजेकाजेस्तव लपवू नका, आधी सांगा. गोचिडासाठी वजनाप्रमाणे मानेवर टाकायचं औषध किंवा गोळी डॉक्टर देतात. ढोरांच्या गोठ्यात मारायचं औषध अंदाजाने कुत्र्याला चोळू नका.

अमृतधारेत ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि भीमसेनी कापूर असतो. हिरवं पान आणि हा अर्क यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका थेंबात कितीतरी पानांचं तेल असतं. हेच निलगिरी तेलाला, गवती चहाच्या तेलाला लागू. पोटात नको, नाकाला नको, अंगाला चोळून चाटायलाही नको.

सहावं काम: पानावर काय बसलंय ते बघा

झाड निर्धोक असून कुत्रा आजारी पडतो त्यामागे बरेचदा हे असतं. कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस पंप कुठे धुतो? अंगणातल्या नळाखाली. ते पाणी नाली धरून थेट कोथिंबिरीच्या आळ्यात जातं, आणि कुत्रा दुपारी गारव्याला त्याच ओल्या आळ्यात पोट टेकून झोपतो, मग पाय चाटतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा झाली की तोंडाला लाळेची तार लागते, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक, अंग थरथरतं, शी-लघवी आवरत नाही. हे पाहिलं की कोणत्या पानाने झालं याचा शोध घेत बसायचं नाही, औषधाच्या बाटलीचा फोटो घ्यायचा आणि निघायचं. यावर डॉक्टरांकडे उतारा असतो, पण तो वेळेत हवा. अंगावर फवारा उडाला असेल तर निघण्यापूर्वी हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने भरभर धुऊन घ्या.

पंप मळ्यातच धुवा, घरी आणू नका. रिकामे डबे-बाटल्या कुंडीसाठी वापरू नका, कितीही मजबूत असले तरी.

खतांमध्ये शेणखत, गांडूळखत ठीक. एरंडी पेंड कुत्रा असलेल्या घरात नकोच. तिचा वास कुत्र्यांना आवडतो, ती खणून खातात, आणि एरंडाच्या बीमधलं रायसिन पेंडीत राहिलेलं असू शकतं. हाडांचं खतही ती उकरून काढतात. निंबोळी पेंड कडू, तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. पावसाळ्यात गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात, त्या कुत्र्याला अत्यंत घातक: ताप, कापरं, झटके. गोगलगायी संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली जमतात, सकाळी उचलून मिठाच्या पाण्यात टाका. किळस येते, पण कुत्रा वाचतो.

सातवं काम: खाल्लंच तर

तोंडात असलेलं काढा, साध्या पाण्याने तोंड पुसा, आणि उरलेला पाला किंवा उलटीतलं पान पिशवीत घाला. मग एवढं बघा.

हिरडी: बोटाने दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, अशा वेळी खालची पापणी ओढून आतला रंग बघा. ही सवय कुत्रा ठणठणीत असताना लावून घ्या, म्हणजे त्याचा नेहमीचा रंग तुम्हाला ठाऊक राहील.

ताप: गुदद्वारातून मोजायचा, थर्मामीटरला खोबरेल लावून. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हा कुत्र्याचा नेहमीचा पारा, आपल्यापेक्षा जास्त. हे माहीत नसलं की धडधाकट कुत्र्याला लोक तापाच्या गोळ्या देतात, आणि माणसांची तापाची गोळी त्याला भारी पडू शकते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना धापा, लाळ, उलटी आणि १०५ च्या वर ताप दिसला तर ते पानओव्याचं काम नाही, ऊन लागलं आहे. सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा, आणि वाटेतही पाणी ओतत डॉक्टरकडे न्या. बर्फाचं पाणी नको.

पाणी कमी झालंय का: खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली तर सलाइनची वेळ आली. उन्हाळ्यात हे फार भरकन होतं, म्हणून पिल्लाच्या दोन-तीन उलट्या झाल्या की “उद्या बघू” म्हणू नका.

करायचं नाही ते: मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, मीठच चढून कुत्रा मरू शकतो. घशात बोट घालायचं नाही. तेल-तूप, ताक, लिंबू, कोळशाची पूड जबरदस्तीने ओतायची नाही. ओकणाऱ्या जनावराच्या तोंडात ओतलेलं फुप्फुसात उतरतं. उलटी काढायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि तीही बहुतेक वेळा खाल्ल्यापासून दोनेक तासांच्या आतच उपयोगाची असते.

मोठ्या कुत्र्याने पानओव्याचं एखादं पान खाल्लं, एकदा ओकला, आणि नंतर शेपूट हलवतोय, पाणी पितोय: घरी थांबा. चार-सहा तास जेवण नको, पाणी थोडं थोडं. मग मऊ भात, जमल्यास मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, दिवसभर लहान लहान घास. उलटी थांबत नाही, रक्त दिसलं, तोल जातोय, पिल्लू आहे, किंवा जे खाल्लं ते कांदा-लसूण, कण्हेर, एरंड, कापूर, फवारा यांपैकी काही आहे: लगेच निघा.

निघण्याआधी फोन करा. रावेर-यावलकडच्या मळ्यातून जळगाव गाठायचं तर तास-दीड तास सहज मोडतो, आणि कुत्र्यांचं बघणारा दवाखाना बंद निघाला तर तेवढाच परत. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर, एखाद्या खाजगी डॉक्टरांचा नंबर आणि पशुसंवर्धनाच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक मोबाईलमध्ये आजच टाकून ठेवा. फिरता दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी फिरतो, तरी जवळचा डॉक्टर कोण हे कळतं. गावातला ढोरांचा डॉक्टर कुत्र्याला हात लावणार नाही असा समज करून घेऊ नका. सलाइन आणि उतारा त्याच्याकडेही असतो.

फोनवर चार गोष्टी सांगा: वजन, काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता. वजन माहीत नसतं, म्हणून ते आधीच करून ठेवायचं. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजा करा. मोठा असेल तर धान्याच्या दुकानातला काटा.

कांदा-लसणाच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट. दवाखान्यातून आल्यावर कुत्रा हसत-खेळत दिसला तरी पहिल्या दिवशीचं रक्त बरं आलं म्हणून फाईल बंद करू नका. पुन्हा कधी तपासायचं ते डॉक्टरांना विचारून या; साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रक्त सगळ्यांत खाली गेलेलं सापडतं. तोवर रोज सकाळी पापणी बघा, लघवीचा रंग बघा, आणि पळवायला नेऊ नका.